झटक्याला काय म्हणावे? एका परिभाषेची परीक्षा

आजच्या विषयाची पाटी पाहून काही जणांनी संयोजकांकडे चौकशी केली म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराला फिजिओथेरपीतले काय कळते. प्रश्न रास्त आहे. सांध्यांतले आम्हाला काही कळत नाही. आम्ही जन्मभर शिकवले ते एवढेच, की एखाद्या गोष्टीचे लक्षण, म्हणजे व्याख्या, कशी करावी आणि ती कुठे कुठे फसते. पण झाले काय, की दोन वर्षांपूर्वी आमची मान धरली, आणि त्या निमित्ताने एका परिभाषेशी गाठ पडली. ती आमच्याच प्रांतातली निघाली.

आम्ही एका दवाखान्यात जात होतो. नाव कशाला घ्या. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या, हुशार, हाताला गुण असलेल्या. तीन-चार खेपा झाल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, आज पाठीच्या वरच्या मणक्यांचं थोडं मोबिलायझेशन करूया." आम्ही हो म्हटले. मोबिलायझेशन आधीही झालेले होते. अंगठ्यांनी मणक्यावर दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, पाळण्याला झोका देतात तसे. दुखले की आम्ही "आई गं" म्हणायचो आणि त्या थांबायच्या. त्या दिवशीही तसेच सुरू झाले, आणि मग एकाएकी दोन्ही तळव्यांचा एक झटका बसला. कट् असा आवाज झाला, आमचा श्वास क्षणभर अडकला. इजा काही झाली नाही. उलट मान थोडी मोकळी झाली, हेही सांगितले पाहिजे. पण आम्ही घाबरलो, आणि घाबरलेला माणूस रागावतो तसे रागावलो. "तुम्ही मोबिलायझेशन म्हणाला होतात," आम्ही म्हटले. त्यांनी शांतपणे केसपेपर पुढे केला. त्यावर लिहिले होते : मोबिलायझेशन, ग्रेड पाच.

घरी येऊन आम्ही वाचत बसलो, तेव्हा कळले की बाई खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या शास्त्राच्या शब्दांप्रमाणे त्या अक्षरशः खरे बोलल्या होत्या. तरीही आमची फसगत झाल्यासारखे आम्हाला वाटत होते, आणि आजही वाटते. खरे बोलूनही फसगत होते, तेव्हा दोष शब्दात असतो. आज तो दोष शोधायचा आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. आखडलेला सांधा दुसऱ्याने हाताने हलवायचा, रुग्णाने स्वतः काही करायचे नाही, या उपचारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात सांधा हळूहळू, पुन्हा पुन्हा हलवतात किंवा ताणून धरतात. दुसऱ्यात सांधा हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन तिथे छोटासा, फार वेगवान असा एकच झटका देतात. साधारणपणे पहिल्याला मोबिलायझेशन म्हणतात, दुसऱ्याला मॅनिप्युलेशन. इथवर सगळे सरळ आहे. पण हे "साधारणपणे" कोणत्या पुस्तकापर्यंत टिकते ते बघा.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जेफ्री मेटलंड म्हणून मोठे फिजिओथेरपिस्ट होऊन गेले. कशेरुकांच्या मॅनिप्युलेशनवरचे त्यांचे पुस्तक 1964 साली आले. त्यांनी हालचालींचे दर्जे ठरवले. एक म्हणजे सुरुवातीची छोटी हालचाल, दोन म्हणजे मोठी पण टोकाला न जाणारी, तीन म्हणजे मोठी आणि टोकापर्यंत जाणारी, चार म्हणजे टोकाशीच छोटी. या ओळीत पाचवा दर्जा बसतो तो झटक्याचा. नॉर्वेच्या फ्रेडी काल्टेनबोर्न यांनीही दर्जे दिले, पण तीनच. त्यांचा तिसरा दर्जा म्हणजे सांध्यातली ढील संपल्यावर ऊतींना दिलेला ताण. लंडनचे डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी आकडेच टाकून दिले आणि ए, बी, सी अशी अक्षरे घेतली. त्यांचा सी म्हणजे झटका. आता एखाद्या केसपेपरवर नुसते "ग्रेड तीन" असे लिहिलेले असेल, तर रुग्णाच्या अंगावर नेमके काय झाले? मेटलंडच्या शाळेत शिकलेला एक सांगेल, काल्टेनबोर्नच्या शाळेतला दुसरे. आमच्या लहानपणी एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालायचा नाही, तसे हे झाले. पण धान्य कमीजास्त भरले तर भांडता तरी येते. पाठीचे तसे नाही.

झटका देणारे पुन्हा एकाच पंथाचे नाहीत. अमेरिकेत 1874 मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी सांगितली. 1895 मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केले. कायरोप्रॅक्टरच्या तोंडी झटक्याचे नाव ॲडजस्टमेंट. त्यात जागा सोडून सरकलेले काहीतरी जागेवर बसवले, असा एक सिद्धान्त गृहीत धरलेला आहे. ऑस्टिओपॅथ त्यालाच जास्त वेगाचा, कमी पल्ल्याचा थ्रस्ट म्हणतात. क्रिया बघणाऱ्याला जवळपास सारखीच दिसेल. शब्द मात्र आपापल्या घराण्याचा.

मॅनिप्युलेशन या शब्दाची जन्मकथाही जाता जाता सांगतो. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मूठभर, हातात मावेल एवढे. जुने औषधविक्रे मुठीच्या मापाने वनस्पती मोजायचे, तिथून हा शब्द हाताने कौशल्याने काहीतरी करण्याकडे सरकला. पुढे माणसांना आणि हिशेबांना वळवण्याचा वाईट अर्थ त्याला चिकटला. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तर आज तेवढाच अर्थ माहीत असतो. "तुमच्या मानेचं मॅनिप्युलेशन करतो," असे कोणी म्हटले तर शेअरबाजारात पैसे घातलेला माणूस टेबलावरून उठून जाईल. (हशा.) हसू नका. सौम्य शब्द वापरण्याचा मोह होतो, त्याचे हेही एक कारण असू शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तर्कसंग्रह शिकलेल्यांना लक्षणाचे तीन दोष आठवत असतील. गायीचे लक्षण कपिल रंग असे केले तर पांढरी गाय सुटते. ही अव्याप्ती. शिंगे असणे असे केले तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. एकच अखंड खूर असणे असे केले तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. ही चाळणी आपल्याकडे पोरांना पहिल्या वर्षी देतात. ती आपण या परिभाषेला लावून पाहू.

मॅन्युअल थेरपी करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, 1974 साली माँट्रियलला स्थापन झालेला. त्यांच्या परिभाषेत मॅनिप्युलेशनची वेगळी व्याख्या आहे, आणि तिचा आशय वेगवान छोटा झटका असाच आहे. मोबिलायझेशनचीही वेगळी व्याख्या आहे. तिचा आशय असा, की कमीजास्त वेगाच्या आणि पल्ल्याच्या हालचालींची एक सलग मालिका, आणि तीत छोटी, वेगवान हालचालही असू शकेल. म्हणजे मॅनिप्युलेशनचे जे खास लक्षण, तेच मोबिलायझेशनच्या पोटात घातले. दोन शेजारी घरे बांधली आणि एकाचा दरवाजा दुसऱ्याच्या माजघरात काढला. स्वच्छ अतिव्याप्ती. अमेरिकेतल्या फिजिकल थेरपिस्टांच्या संघटनेची मार्गदर्शिका तर याच्याही पुढे गेली. तिने दोन्ही शब्दांच्या मध्ये एक तिरकी रेघ मारली आणि मोबिलायझेशन-मॅनिप्युलेशन अशी एकच नोंद करून टाकली.

असे का केले असेल? ही माणसे अडाणी नाहीत. कारण कायद्यात सापडते. मॅनिप्युलेशन कोणी करायचे यावरून अमेरिकेत कायरोप्रॅक्टर आणि फिजिकल थेरपिस्ट यांच्यात दीर्घकाळ झगडा चाललेला आहे, आणि तो राज्याराज्यांच्या विधिमंडळात चालतो. वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण घ्या. मणक्याचे मॅनिप्युलेशन तिथे फिजिकल थेरपिस्टांना वर्ज्य होते. 2014 मध्ये कायदा बदलला, तोही वेगळी अनुमती घेतली तरच, या अटीवर. अशा ठिकाणी "आम्ही करतो ते सगळे एकाच सलग मालिकेतले आहे, मधे कुठेही भिंत नाही" असे म्हणता येणे हे धंद्याच्या दृष्टीने मोलाचे असते. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. आपले काम दुसऱ्याने काढून घेऊ नये असे कोणालाही वाटेल, आणि त्यांचे शिक्षण पाहता तो हक्क त्यांचा असेलही. आमची तक्रार एवढीच, की सरहद्दीच्या भांडणासाठी घडवलेला शब्द जसाच्या तसा रुग्णाच्या खोलीत आणला गेला. विधिमंडळात उपयोगी पडणारे धूसरपण पालथे झोपलेल्या माणसाच्या काय उपयोगाचे?

मालिका सलग आहे हे म्हणणे तसे खरेच आहे. कोमट आणि उकळते पाणी यांच्यामध्येही भिंत नसते. पण आंघोळीला बोलावताना दोन्हींना "पाणी" एवढेच म्हणून चालत नाही.

हा गोंधळ खुद्द या व्यवसायातल्या लोकांनाही खुपत होता. 2008 साली अमेरिकेतल्या मॅन्युअल फिजिकल थेरपिस्टांच्या अकादमीच्या वतीने पॉल मिंटकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रस्ताव प्रसिद्ध केला. नावांवरून आणि दर्ज्यांवरून भांडत बसण्यापेक्षा जे केले त्याचे वर्णन करा, असा त्याचा रोख आहे. सहा गोष्टी सांगायच्या. जोर किती वेगाने लावला, हालचालीच्या पल्ल्यात नेमका कुठे लावला, कोणत्या दिशेने, कोणत्या सांध्यावर, कोणता भाग हलायचा आणि कोणता स्थिर राहायचा, आणि रुग्ण कोणत्या स्थितीत होता. आमच्या प्रसंगाला हे लावले तर केसपेपरवर साधारण असे आले असते : वेगवान, पल्ल्याच्या शेवटी, मागून पुढे, पाठीच्या वरच्या मणक्यांवर, रुग्ण पालथा. पाहा, एका ओळीत सगळे स्वच्छ झाले. दुसऱ्या गावचा थेरपिस्ट हे वाचून तेच पुन्हा करू शकेल, किंवा करायचे टाळू शकेल. वय झालेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला झटका सहसा देत नाहीत. पुढच्याला आधीचे खरे वर्णन मिळणे किती गरजेचे, ते तुमच्या लक्षात येईल. संशोधनातही तेच. "मॅनिप्युलेशनचा उपयोग झाला" असे दोन अभ्यास म्हणत असतील आणि दोघांनी वेगवेगळे काही केले असेल, तर त्यांची बेरीज कशी करणार? हा प्रस्ताव आम्हाला मनापासून आवडला.

आणि तरीही त्यात एक मोठी जागा रिकामी आहे. सहाही गोष्टी पुन्हा वाचा. जोर आहे, दिशा आहे, हाड आहे. रुग्ण कुठे येतो? सहाव्या क्रमांकावर, तोही पालथा की उताणा एवढ्यापुरता. त्याच्याकडे शरीराची एक ठेवण म्हणून पाहिले आहे. ज्याच्या बाबतीत हे घडते आहे असा माणूस म्हणून तो यादीत नाही.

इथे गंमत अशी, की ती रिकामी जागा भरणारी गोष्ट मेटलंड यांनी फार पूर्वी सांगून ठेवली होती. लोकांनी त्यांचे दर्जे पाठ केले आणि हे मागे पडले. त्यांचा भेद असा. जी हालचाल इतक्या वेगाने केली जाते की रुग्णाला ती हवी तेव्हा थांबवता येते, ती मोबिलायझेशन. जी त्याला थांबवता येण्याआधीच होऊन गेलेली असते, ती मॅनिप्युलेशन. वेग दोन्हीकडे आहे, पण इथे तो घड्याळाने मोजलेला नाही. तो रुग्णाच्या "थांबा" या शब्दाच्या मानाने मोजलेला आहे. आमचे "आई गं" पोचते की नाही, एवढाच प्रश्न. आधीच्या खेपांना पोचत होते. त्या दिवशी पोचले नाही.

यावर कोणी म्हणेल, हे व्यक्तीनिष्ठ झाले, एकाची प्रतिक्रिया चपळ असते, दुसऱ्याची मंद. म्हणून आपण या लक्षणाची जरा कडक परीक्षा घेऊ. गोठलेला खांदा किंवा गुडघा बदलल्यावर आखडलेला पाय, यांच्यावर अस्थिरोगतज्ज्ञ भूल देऊन उपचार करतात. त्यालाही मॅनिप्युलेशनच म्हणतात, तुमच्यापैकी काहींनी ते करून घेतलेही असेल. तिथे झटका नसतो. हात नेटाने, जपून, बेताने फिरवतात. आता "वेगवान झटका" हे मॅनिप्युलेशनचे लक्षण धरले तर हे उदाहरण सुटते, अव्याप्ती होते. ते चुकून त्याच नावाने ओळखले जाते असे म्हणावे लागते. पण "रुग्णाला थांबवता येत नाही" हे लक्षण धरा. झटक्यात थांबवता येत नाही कारण वेळ नाही. भुलेत थांबवता येत नाही कारण शुद्ध नाही. दोन्ही एकाच लक्षणाखाली आले. वेगावर बांधलेल्या व्याख्येला जे जमले नाही, ते या साध्या भेदाला जमते. आमच्या मते हा त्याच्या बाजूचा बराच भक्कम पुरावा आहे.

त्या "कट्" आवाजाबद्दलही बोलले पाहिजे, कारण पुष्कळांना तो आवाज हाच उपचार वाटतो. बोटे मोडताना येतो तसलाच तो आवाज. 1971 साली लीड्सच्या संशोधकांनी तो सांध्यातल्या द्रवातला बुडबुडा फुटण्याशी जोडला. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा मोडत असताना एमआरआयने चित्रे घेतली, आणि आवाजाच्या क्षणी पोकळी फुटण्याऐवजी तयार होताना दिसली. 2018 मध्ये गणिती प्रतिरूप मांडून पुन्हा बुडबुड्याच्या अर्धवट कोसळण्याची बाजू घेतली गेली. वाद चालू आहे, आपल्याला त्यात पडायचे नाही. पण काहींनी हा आवाजच मॅनिप्युलेशनच्या लक्षणात घातला. झटका बसूनही आवाज न होणे शक्य आहे. मग ते मॅनिप्युलेशन नव्हते का? आणि संध्याकाळी बोटे मोडणारी आमची सौ. स्वतःवर मॅनिप्युलेशन करते का?

डेव्हिड एव्हान्स आणि निकोलस लुकास यांनी 2010 च्या एका लेखात यावर नेमके बोट ठेवले. उपचार करणारा जे करतो ते एक, आणि त्यामुळे शरीरात जे घडते ते दुसरे, या दोहोंची सरमिसळ व्याख्यांमध्ये होते, असे त्यांचे म्हणणे. वाचून आम्हाला बरे वाटले, कारण आपल्या वैयाकरणांनी हाच भेद धातूच्या अर्थात केला आहे. त्यांचे लाडके उदाहरण स्वयंपाकाचे. "शिजवणे" यात चूल पेटवणे, भांडे ठेवणे हा व्यापार, आणि तांदूळ मऊ होणे हे फळ. "भात शिजवते आहे" असे आपण तांदूळ मऊ होण्याआधीही म्हणतो, कारण व्यापार चालू असतो. सांध्याचा आवाज, मोकळेपणा, दुखणे कमी होणे ही सगळी फळे आहेत. केसपेपरवर मात्र व्यापार लिहायचा असतो. मिंटकेन यांची यादी ही मोठ्या प्रमाणात व्यापाराची यादी आहे, तिचा मोठेपणा त्यातच आहे. फक्त हा व्यापार असा आहे की तो दुसऱ्या माणसाच्या संमतीवर उभा राहतो, तांदळाला विचारावे लागत नाही.

आमच्या एका फिजिओथेरपिस्ट विद्यार्थ्याने, म्हणजे तत्त्वज्ञान त्याने हौसेने केले, यावर चांगला आक्षेप घेतला. तो म्हणाला, "सर, झटका हा शब्द उच्चारला की पेशंट अंग आवळून घेतो. स्नायू कडक झाले की तंत्रच चालत नाही, आणि जास्त जोर लावावा लागतो. म्हणून आम्ही बोलत बोलत करतो." हे खरे असणार, त्याचा अनुभव आमच्यापेक्षा जास्त. पण यात दोन क्षण एकत्र केले आहेत. झटका नेमका कोणत्या श्वासाला बसेल ते सांगू नका, आमची हरकत नाही. मात्र आज झटका द्यायचा की नाही, हे आम्ही अंगात शर्ट घालून खुर्चीवर बसलेले असताना विचारता येते. तेव्हा अंग आवळले तरी कोणाचे काही बिघडत नाही. इंजेक्शन देताना सुई टोचण्याचा क्षण कोणी जाहीर करत नाही, पण इंजेक्शनला "औषध लावतो" असेही म्हणत नाही.

आपल्याकडे हे शब्द पूर्वी कसे होते पाहा. पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना पाय आधी आलेला तो पायाळू, आणि त्याने पाठीला पाय लावला, लाथ मारली, की उसण जाते अशी समजूत. आम्ही तिचे समर्थन करत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने ती समजूतच आहे. पण त्या व्यवहारात फसगत नव्हती. "लाथ मार रे बाबा" असे पाठ दुखणारा स्वतःच सांगायचा. काय होणार ते त्याला पक्के ठाऊक असायचे. हाडवैद्यही "बसवतो" म्हणायचा, तेव्हा कळ येणार हे आजूबाजूचे चार जण धरून ठेवायला यायचे त्यावरूनच समजायचे. शास्त्र सुधारले ही फार चांगली गोष्ट झाली. शब्द मात्र या एका बाबतीत गुळगुळीत झाले.

आमची सूचना म्हणाल तर लहानशी आहे. मिंटकेन यांच्या सहा गोष्टींना सातवी जोडावी, हालचाल रुग्णाला थांबवता येण्याजोगी होती की नव्हती. तिरकी रेघ कायद्याच्या मसुद्यात खुशाल राहू द्या. आणि मराठी रुग्णाशी बोलताना मोबिलायझेशन, मॅनिप्युलेशन हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून "हळूहळू हलवते" आणि "एक झटका देते" असे सरळ म्हणावे. यात भाषाभिमान काही नाही, आम्ही स्वतः फिजिओथेरपी हाच शब्द वापरतो. मात्र "हलवणे" आणि "झटका" यांत कोणत्याही माणसाची गल्लत होत नाही.

त्या मॅडमकडे आम्ही पुन्हा गेलो. हे सगळे त्यांना सांगितले, थोडे लांबवून सांगितले, मास्तरांची सवय. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, कॉलेजात आम्हाला ग्रेड पाच असंच शिकवलं, त्यात काही लपवतोय असं कधी वाटलंच नाही." आम्हाला ते पटले. मग त्यांनी विचारले, "आज एक झटका देणार आहे पाठीला. देऊ का?" त्या दिवशी आम्ही नको म्हटले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारले, आणि आम्ही हो म्हटले.

आता प्रश्न घेऊ. कोणी फिजिओथेरपिस्ट बसले असतील तर आधी त्यांचे.